शोभेचा राजगिरा आणि रंगीत माठ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शोभेच्या राजगिऱ्याविषयी आणि रंगीत पानांच्या माठाविषयी असल्याने हे सदर यावेळी त्याच एका विषयाला दिले आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक घोळ मिटवणे आवश्यक आहे, कारण रोपवाटिकांमध्ये ‘अमरँथस’ या एकाच पाटीखाली निदान तीन वेगवेगळ्या स्वभावांची झाडे विकली जातात. पहिला रंगीत माठ, म्हणजे अमरँथस ट्रायकलर. याची शोभा पानांत असते, फुले पानांच्या बेचक्यात दडलेली आणि दुर्लक्ष करण्याजोगी असतात. दुसरा लोंबत्या तुऱ्यांचा राजगिरा, म्हणजे अमरँथस कॉडेटस, ज्याचे गडद लाल किंवा पोपटी तुरे दोरखंडासारखे खाली सुटतात. तिसरा उभ्या कणसांचा राजगिरा, ज्यात क्रुएंटस आणि हायपोकाँड्रिॲकस या दोन जातींचे वाण येतात. कोंबडा किंवा मोरशेंडा हा याच कुळातला असला तरी त्याची प्रजाती निराळी आहे, त्यामुळे त्याच्याविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेल्या रंगीत माठाचा शेंडा लाल-पिवळा होता. पूर्वेकडच्या बाल्कनीत ठेवून दर आठवड्याला १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत दिले. झाड छान वाढले, परंतु नवी पाने हिरवीच येत आहेत. रोगाचा प्रकार आहे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : रोग नाही. झाडाला ऊन कमी आणि खत जास्त मिळते आहे, इतकेच. माठाच्या पानांतील लाल आणि पिवळा रंग बीटालेन गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. जांभळाला किंवा लाल कोबीला रंग देणाऱ्या द्रव्यांहून ती वेगळी असून बीटाच्या कंदाचा रंगही त्यांच्यामुळेच असतो. ही द्रव्ये भरपूर तयार होण्यासाठी पानांवर थेट, कडक ऊन पडावे लागते. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचे दोन-तीन तास ऊन येते आणि पुढे इमारतीची सावली पडते. माठाला किमान सहा तास ऊन हवे, आणि आठ तास मिळाले तर तो कुरकुरत नाही. उष्ण हवामानात कडक उन्हाचा उत्तम उपयोग करून घेणाऱ्या ज्वारी, मका, ऊस या पिकांसारखीच याची अन्न तयार करण्याची पद्धत आहे, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात इतर कुंड्यांवर हिरवी जाळी बांधावी लागते तेव्हाही मुळाशी ओल असेल तर माठ उघड्या गच्चीवर तग धरतो.

दुसरे कारण खत. नत्र जास्त झाले की झाड हरितद्रव्य भराभर वाढवते, पाने मोठी आणि लुसलुशीत होतात आणि त्या हिरवेपणाखाली लाल रंग झाकला जातो. भाजीसाठी माठ लावणाऱ्याला हेच हवे असते, म्हणून भाजीच्या माठाविषयी पुस्तकांत दिलेला खतांचा सल्ला शोभेच्या माठाला जसाच्या तसा लावू नये. कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण घेतले असेल, तर पुढील दोन-अडीच महिने वरून काहीही द्यावे लागत नाही. आता विद्राव्य खत पूर्ण बंद करावे, एकदा कुंडीतून निथळून जाईल इतके साधे पाणी द्यावे आणि कुंडी गच्चीवर हलवावी. मात्र एकदम भर दुपारच्या उन्हात न ठेवता चार-पाच दिवस दुपारपर्यंतच्या उन्हात ठेवून मग पूर्ण उन्हात न्यावी, अन्यथा सावलीत वाढलेली कोवळी पाने करपतात. आज हिरवी असलेली पाने बहुतेक हिरवीच राहतील. रंग दिसेल तो यानंतर फुटणाऱ्या शेंड्यात, आणि त्यासाठी पंधरा-वीस दिवस धीर धरावा लागेल.

आणखी एक बाब ध्यानात असावी. ‘इल्युमिनेशन’ किंवा ‘अर्ली स्प्लेंडर’ यांसारख्या वाणांत भडक रंग केवळ शेंड्यावरच्या पानांच्या झुबक्यात येतो आणि खालची पाने तांबूस, तपकिरी किंवा हिरवी राहतात. संपूर्ण झाड लाल दिसावे अशी अपेक्षा असेल, तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीसाठी काढलेला ‘अर्का अरुणिमा’ हा जांभळट लाल पानांचा वाण कुंडीत लावून पाहावा. तो स्वस्त असतो, आणि माझ्या मते आयात केलेल्या महागड्या पाकिटांपेक्षा आपल्या हवेत अधिक भरवशाचा ठरतो.

प्रश्न : परदेशी वाणाचे पाकीट मागवून लोंबत्या तुऱ्यांचा राजगिरा सप्टेंबरच्या अखेरीस पेरला. पाकिटावर उंची चार फूट लिहिली होती. आमची रोपे जेमतेम फूटभर झाली आणि त्यांना बोटभर तुरे आले. बियाणे खराब होते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बियाण्याला दोष देता येणार नाही. राजगिऱ्याच्या बहुतेक जाती दिवस लहान होऊ लागला की फुलोऱ्यावर येतात. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे तेरा तासांचा आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस-रात्र समान होऊन दिवस आखडू लागलेला असतो, म्हणून उगवलेल्या रोपाला वाढीची संधी मिळण्याआधीच फुलण्याचा इशारा मिळतो. पाकिटावरची चार फुटांची उंची ज्या प्रदेशांसाठी लिहिलेली असते तेथे उन्हाळ्यातील दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो, त्यामुळे झाडाला आधी अंग धरायला मिळते आणि मग तुरा येतो. आपल्याकडे रब्बीत घेतला जाणारा राजगिरा याच लहान दिवसांत चांगला वाढतो हे खरे, पण ते वाण पिढ्यान्पिढ्या येथील हंगामाला सरावलेले आहेत. परदेशी शोभेच्या वाणांकडून तशी अपेक्षा करता येत नाही.

उंच झाड आणि लांब तुरे हवे असतील तर मेच्या अखेरीस, फार तर मृग नक्षत्र लागताना पेरणी करावी. तुरे साधारणपणे गौरी-गणपतीच्या सुमारास लोंबू लागतात आणि दीड-दोन महिने टिकतात. दुसरे कारण, जे पत्रात लिहिलेले नाही पण संभवते, ते म्हणजे रोपे ट्रेमध्ये जास्त काळ राहणे. राजगिऱ्याला सोटमूळ असते. ट्रेच्या चिमुकल्या खणात ते वळले, गुंडाळले गेले की रोप खुजे राहते आणि वेळेआधी फुलते. रोपाला चार ते सहा पाने आली, म्हणजे उगवणीनंतर साधारण तीन आठवड्यांत, ते मुळांभोवतीच्या मातीसह कायमच्या जागी लावावे. लोंबत्या राजगिऱ्याला चौदा इंचांहून लहान कुंडी घेऊ नये आणि एका कुंडीत एकच झाड ठेवावे.

प्रश्न : दरवर्षी जूनमध्ये बी टाकतो. उगवण उत्तम होते, पण आठ दिवसांत रोपे बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात. जी वाचतात ती श्रावणातल्या वाऱ्यापावसात कोलमडतात. कोकणात हे झाड लावूच नये का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लावावे, पण रोपे पावसाखाली वाढवू नयेत. बुंध्याशी पिचून आडवे पडणे ही रोपमर असून ती मातीतील बुरशीमुळे होते. दाट पेरणी, साचलेले पाणी आणि अर्धवट कुजलेले शेणखत या तीन गोष्टी एकत्र आल्या की तिला आमंत्रणच मिळते. राजगिऱ्याचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजारापेक्षा अधिक दाणे बसतात, त्यामुळे चिमूटभर बी टाकले तरी शेकडो रोपे एकमेकांना खेटून उगवतात. बी चार-पाच पट कोरड्या बारीक वाळूत मिसळून विसकटावे, वर केवळ दिसेनासे होईल इतकीच चाळलेली माती भुरभुरावी आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्यावे. ट्रे पडवीत किंवा पारदर्शक पत्र्याखाली, म्हणजे उजेड मिळेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावा. उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत अंकुर दिसतात. त्यानंतर वरची माती किंचित सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. मातीत ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी मिसळल्यास मर कमी होते. मुंग्या बी पळवतात, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत चार विटांवर ठेवणे सोयीचे पडते.

कोलमडण्याबद्दल सांगायचे तर भिजलेला तुरा जड होतो आणि झाडाचे मूळ कोकणातल्या भुसभुशीत, पाणावलेल्या मातीत पकड सोडते. झाड दीड फुटाचे झाले की बांबूची कामटी रोवून दोन ठिकाणी सैल बांधावे, आणि बुंध्याला मातीची भर द्यावी. भरीत बुडालेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. इतकी उस्तवार करण्याची तयारी नसेल तर उंच वाणांचा हट्ट सोडून ‘पिग्मी टॉर्च’सारखा दीड-दोन फुटांचा उभ्या कणसांचा वाण घ्यावा, किंवा जोराचा पाऊस सरल्यावर रंगीत माठ लावावा. माठाची शोभा पानांत असल्यामुळे तो उशिरा पेरल्याने काही बिघडत नाही.

याच पत्रात पानांच्या खालच्या बाजूला पांढरे फोड येत असल्याचा उल्लेख आहे. तो पांढरा तांबेरा होय. फोड फुटले की त्यातील पांढरी भुकटी पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या पानांवर जाते, म्हणून अशी पाने दिसताच खुडून नष्ट करावीत, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. झाडांमध्ये दीड फूट अंतर ठेवले आणि पाणी पानांवर न ओतता मुळाशी दिले तर घरच्या बागेत बुरशीनाशकाची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : चार फूट वाढलेले झाड एका दिवसात मान टाकते. पाणी देऊनही उठत नाही. खोडावर मध्येच गाठीसारखा फुगवटा दिसतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फुगवट्याच्या जागी खोड उभे चिरून पाहावे. आत भुश्याने भरलेला पोकळ बोगदा आणि त्यात पांढरट, बिनपायांची, वाकडी अळी सापडेल. ही खोड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी आहे. प्रौढ भुंगा राखाडी-तपकिरी, सोंडेसारख्या लांब तोंडाचा असून तो पाने कुरतडतो, आणि मादी खोडाला किंवा देठाला छिद्र पाडून त्यात अंडे घालते. अळी आत शिरल्यावर वरून केलेली कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे मान टाकलेले झाड उपटून जाळणे हाच उपाय. ते बागेच्या कोपऱ्यात वाळत टाकले तर आतला कोष पूर्ण होऊन भुंगे बाहेर पडतात. भुंगे सकाळी सुस्त असतात, त्या वेळी झाडाखाली कापड धरून फांदी हलवली की ते खाली पडतात आणि साबणाच्या पाण्यात टाकता येतात. बागेच्या कडेला, कुंपणापाशी आपोआप उगवलेला काटेमाठ काढून टाकावा, कारण भुंग्याला तोही चालतो.

पाने रेशमी धाग्यांनी गुंडाळून आतून खरवडणारी हिरवी अळी हा वेगळा प्रकार आहे. सुरुवातीला गुंडाळलेली पाने हाताने चिरडणे पुरेसे असते. प्रादुर्भाव वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर केलेले द्रावण, थोडा साबण मिसळून सायंकाळी फवारावे.

प्रश्न : आमच्याकडे तांबडी भाजी नेहमीची आहे. शोभेसाठी लावलेल्या माठाची पाने भाजीला चालतील का? आणि लोंबत्या तुऱ्यांतले बी उपवासाला चालेल का? (एक वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर : वनस्पती म्हणून विचार केला तर दोन्ही खाण्यायोग्य आहेत. रंगीत माठ आणि तांबडी भाजी या एकाच जातीच्या निवडी आहेत, आणि लोंबत्या तुऱ्यांचा राजगिरा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात धान्य म्हणून पिकवला जातो. प्रश्न वनस्पतीचा नसून तिच्यावर काय फवारले आहे याचा आहे. शोभेच्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो. असे बी कधीही खाऊ नये. रोपवाटिकेतून आणलेल्या तयार रोपांवर कोणती कीटकनाशके मारली आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, म्हणून ती केवळ शोभेलाच ठेवावीत. घरी धरलेल्या, प्रक्रिया न केलेल्या बियांपासून वाढवलेल्या झाडाची कोवळी पाने मात्र निर्धास्तपणे भाजीत घालावीत. माठाच्या पानांत ऑक्झॅलेट बरेच असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावे, आणि पाने उकळून पाणी टाकून दिल्यास त्याचे प्रमाण कमी होते.

बियांचे म्हणाल, तर बाजारातला राजगिरा फिकट पिवळसर असतो, कारण लाह्या फुलण्याच्या आणि चवीच्या दृष्टीने तोच पिढ्यान्पिढ्या निवडला गेला. माठाचे आणि शोभेच्या अनेक वाणांचे बी काळे, चकचकीत आणि कठीण कवचाचे असते. ते विषारी नाही, पण त्याच्या लाह्या नीट फुलत नाहीत आणि लाडू वळण्याचा खटाटोप वाया जातो. उपवासाला चालते की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीचा प्रश्न आहे. गंमत इतकीच की राजगिरा, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा, असा एकादशीच्या ताटातला बहुतेक ऐवज मुळात अमेरिका खंडातून आलेला आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. घरामागच्या लहान वाफ्यात लाल राजगिरा लावायचा आहे. केव्हा पेरावा? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : एप्रिलमध्ये घरात, खिडकीच्या कट्ट्यावर पेरावा. उगवणीसाठी मातीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर हवे. हे झाड हिमतुषार मुळीच सोसत नाही, म्हणून मेच्या अखेरीपूर्वी रोपे बाहेर लावू नयेत, आणि त्याआधी आठवडाभर ती दिवसा बाहेर व रात्री आत अशी सरावू द्यावीत. तुमच्याकडे जून-जुलैमध्ये दिवस मोठे असल्याने झाडे भरपूर वाढतील आणि ऐन शोभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसेल. वाफ्याची जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत निवडावी. कोवळ्या रोपांना सर्वांत मोठा धोका बिनशंखी गोगलगायींचा आहे. पहिले तीन आठवडे संध्याकाळी बॅटरी घेऊन त्या वेचणे हाच खात्रीचा मार्ग. महाराष्ट्रातून बी पाठवण्यास नातेवाइकांना सांगू नये, कारण परदेशातून बी नेण्यावर वनस्पती-आरोग्याचे निर्बंध आहेत आणि तेथे सर्व वाण सहज मिळतात.

प्रश्न : गेल्या वर्षी गडद लाल आणि पोपटी असे दोन्ही तुरे शेजारी लावले होते. त्यांचे बी धरले, तर यंदा मळकट गुलाबी तुरे आले. शिवाय तुरे वाळवून फुलदाणीत ठेवायचे होते, तेही साधले नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : राजगिऱ्यात नर आणि मादी फुले वेगवेगळी, पण एकाच झाडावर असतात. परागण मुख्यतः त्याच झाडावर होते, तरीही परागकण वाऱ्याने उडत असल्याने शेजारच्या झाडाशी काही प्रमाणात संकर होतोच. वाण शुद्ध ठेवायचा असेल तर एका हंगामात एकच रंग लावावा, किंवा बी धरायच्या तुऱ्यावर फुले उमलण्यापूर्वी कागदी पिशवी सैल बांधावी. प्लास्टिकची पिशवी बांधू नये, आत दमट होऊन तुरा कुजतो. तुरा तळहातावर हलके चोळल्यावर दाणे सुटू लागले की तो कापावा. झाड पूर्ण वाळण्याची वाट पाहिली तर अर्धे बी जमिनीवर सांडते आणि पुढच्या वर्षी बागभर उगवते. कापलेले तुरे कापडावर वाळवून, चोळून, सुपात हलक्या हाताने पाखडावेत आणि बी कोरड्या काचेच्या बाटलीत ठेवावे.

वाळवण्यासाठीचे तुरे मात्र बी धरण्यापूर्वीच कापावे लागतात. तुऱ्यातील साधारण तीन चतुर्थांश फुले उमललेली असताना, सकाळचे दव ओसरल्यावर, कोरड्या दिवशी तुरा लांब दांड्यासह कापावा आणि सर्व पाने काढावीत. उभी कणसे दोन-तीनच्या जुड्या करून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगावीत. लोंबते तुरे उलटे टांगले तर सरळ काठीसारखे ताठ होतात, म्हणून ते रिकाम्या उंच बरणीत उभे ठेवून जसे लोंबतात तसेच वाळू द्यावेत. उन्हात वाळवल्यास लाल रंग विटून तपकिरी होतो. आपल्या पत्रावरून हेच घडले असावे असे वाटते. दोन-तीन आठवड्यांत दांडा कडक झाला की तुरे तयार समजावेत. घरात कुणाला दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल, तर ताजे तुरे बैठकीच्या खोलीत ठेवू नयेत. वाळलेल्या तुऱ्यांतूनही काही दिवस बारीक भुसा आणि चुकार बी गळत राहते, त्यामुळे फुलदाणीखाली ताटली ठेवावी.